लॅबच्या बाईंची मांडणी

आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन दोनच ठिकाणी चपला काढत, देवळात आणि प्रयोगशाळेत. देवळात ते आपणहून काढत. प्रयोगशाळेच्या दारात बाई उभ्या असत.

एकदा मुंबईहून तपासणीला आलेल्या एका मोठ्या साहेबांनी बूट काढायला नकार दिला. बाईंनी त्यांना नमस्कार केला, व्हरांड्यात स्टूल मांडून दिलं आणि दारातूनच अर्धा तास अख्खी प्रयोगशाळा तोंडी दाखवली. "डाव्या हाताला तराजू हाय, साहेब. त्याला काचेचं घर हाय. तुमाला हितून दिसत नसंल, पण हाय." साहेबांनी स्टुलावर बसूनच शेरा लिहिला. शेरा चांगला होता.

कारखान्यात सगळे त्यांना 'लॅबच्या बाई' म्हणत. त्यांचं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच राहिलं. वडील परळीच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवायला होते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसलेली बघतच बाई लहानाच्या मोठ्या झाल्या. "धूळ दिसली की मला कुणीतरी शिवी दिल्यासारखं वाटतंय," असं त्या म्हणत. त्यांच्या वस्तीतली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी त्याच. घरी बुद्धवंदना होई, सकाळी सहाला. सात चाळीसची एसटी पकडून त्या कामाला येत. ती गाडी चुकल्याचं मला आठवत नाही. गाडी उशिरा आल्याचं पुष्कळदा आठवतं, आणि त्याची नोंदही त्या ठेवत.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा लॅबमधल्या माठाचं पाणी काही लोकांनी प्यायचं बंद केलं होतं, असं मला जुन्या माणसांनी सांगितलं. कारण कुणी बोललं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्यांनी माठावर एक चिठ्ठी चिकटवली: 'पाणी तपासलेले आहे.' खाली तारीख आणि सही. चिठ्ठी रोज बदलायची. मार्चपर्यंत लोकांनी दम धरला. पण अख्ख्या कारखान्यात तपासलेलं पाणी तेवढंच होतं, आणि एप्रिलात हगवणीची साथ आली. मी लागलो तोवर त्या माठापुढं रांग लागत होती. बाई रांगेतल्या कुणालाही काही म्हणत नसत. फक्त पेला धुऊन ठेवायला सांगत.

मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो, टेंपररी. पहिल्या दिवशी बाईंनी मला चहा दिला. त्यात साखर नव्हती. साखर कारखान्यात बिनसाखरेचा चहा मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी तसं म्हणालो. "दिवसभर तिलाच मोजायचं," बाई म्हणाल्या, "आणखी पोटात कावून घालायची?" साखर मी घरून पुडीत नेऊ लागलो. बाईंनी पुडीवर माझं नाव लिहून दिलं.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार हसू आणायची. संध्याकाळी साडेपाचला त्या दिवसभराचे आकडे रजिस्टरमधून मोठ्यानं वाचत, शाळेत हजेरी घ्यावी तसे. वाचताना मधेच थांबत आणि एखाद्या आकड्याकडं चष्म्यावरून बघत. "नुसतं बघून कळत न्हाई," त्या म्हणायच्या, "तोंडातून काढला की खोटा आकडा जिभेला लागतो." मी हे घरी सांगून सगळ्यांना हसवलं होतं.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. होता तो ऊस जनावरांच्या छावण्यांना चारा म्हणून गेला आणि त्या हंगामात बॉयलर पेटलाच नाही. चिमणीवर कावळे बसू लागले. लोकांना काम नव्हतं, बाईंना मात्र वाढलं. तहसीलमधून पत्र आलं, की टँकर ज्या विहिरींवर भरतात त्यांचं पाणी कारखान्यानं तपासून द्यावं. साखरेचा रंग मोजायला घेतलेलं एक यंत्र आमच्याकडं होतं, स्पेक्ट्रोफोटोमीटर. पाण्यातून उजेड सोडायचा, किती उजेड अडला ते मोजायचं, त्यावरून पाण्यात काय किती विरघळलंय ते काढायचं. यंत्राला कॉम्प्युटर जोडलेला, आणि यंत्र चालवायचं सगळं त्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरच्या हातात. म्हणजे बऱ्याच अंशी माझ्या.

बाई त्यात मुख्यतः नायट्रेट बघत. छावणीतलं शेणमूत झिरपून विहिरीत उतरतं, त्यातून ते येतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. वरच्या दुधावरच्या लेकराला होतं, दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवतात म्हणून. पाण्यात नायट्रेट फारच जास्त असेल तर यंत्राला ते वाचता येत नसे. म्हणून आम्ही प्रत्येक नमुना दहापट पातळ करायचो आणि सॉफ्टवेअरला सांगून ठेवायचो, की आलेला आकडा दहानं गुणून दाखव. हा दहा एका छोट्या सेटिंगच्या फाईलमध्ये होता. बाकीच्या दहा-बारा गोष्टीही त्याच फाईलमध्ये होत्या. आणि ती फाईल कुठं होती, हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

वैशाखात बाई भाचीच्या लग्नासाठी घरीच राहिल्या, परळीला. तीन दिवसांची रजा. पहिल्याच दिवशी सकाळी लाईट चार वेळा आली-गेली आणि सॉफ्टवेअर सुरू होईना. मी कंपनीची सीडी काढली आणि ते पुन्हा टाकलं. ती सेटिंगची फाईल सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात राहत होती. नवं आलं तेव्हा जुनं पुसलं, त्यात तीही गेली. मी सगळे आकडे आठवून पुन्हा भरले. माझी आठवण फार चांगली आहे अशी तेव्हा माझी समजूत होती. दहाचा आकडा भरायचा राहिला. त्या जागी कंपनीनं दिलेला एकचा आकडा तसाच बसून राहिला.

तीन दिवसांत मी एकवीस विहिरी तपासल्या. सगळ्या पास. अहवालावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का मीच मारला. शिक्का मारायला मला आवडत असे.

चौथ्या दिवशी बाई आल्या, हाताला मेंदी लावून. संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. रजेतले आकडे त्यांनी सकाळीच वाचायला घेतले. "चार. तीन. अठरा." थांबल्या.

"दत्ता, ही अठरावाली छावणीजवळची विहीर ना?"

"हो, बाई."

"छावणीत जनावरं किती हायत?"

"सहाशे असतील."

"सहाशे जनावरं मुतायलीत तिथं," बाई म्हणाल्या, "अन् पाणी आपल्या माठापेक्षा चांगलं?"

त्यांनी खुर्ची ओढून घेतली, कॉम्प्युटरवर सेटिंग उघडलं आणि वरून एकेक ओळ वाचत खाली आल्या. एका ओळीवर बोट ठेवलं. मीही बघितलं. तिथं एक होता. बाईंनी नमुन्याची काच धुतली, पुसली, तेच पाणी पुन्हा पातळ केलं, दहा टाकला आणि बटण दाबलं. एकशे ऐंशी. मर्यादा पंचेचाळीसची.

"जीप कुठं हाय बघ," बाई म्हणाल्या.

त्या विहिरीचे टँकर दोन वस्त्यांना जात होते. जीपमध्ये कारखान्याच्या बोअरच्या पाण्याचे कॅन टाकले आणि निघालो. पहिल्या वस्तीत टँकर नुकताच आला होता. बाई टँकरच्या पायरीवर चढल्या. "हे पाणी धुण्याभांड्याला वापरा. लेकराला पाजू नका, पोटुशा बाईनं पिऊ नका. आमच्याकडून तपासायला चूक झालती."

"उकळून दिलं तर?" एक म्हातारी म्हणाली.

"उकळून उलट वाढतंय, माय."

"मग पाजावं काय?"

बाईंनी कॅन उतरवायला लावले. ते किती पुरणार हे त्यांना माहीत होतं आणि बायकांनाही. पण कुणी ओढाओढी केली नाही. ज्यांच्या घरी तान्हं होतं त्यांना आधी दिलं.

दुसऱ्या वस्तीत एक पोरसवदा बाई दोन महिन्यांचं लेकरू घेऊन सावलीला बसली होती. बाई पाणी द्यायला गेल्या आणि लेकराचा हात हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नखं बघितली, ओठ बघितले.

"हे असं निळं कावून दिसायलंय?"

"गारठ्यानं व्हतंय," सासू म्हणाली.

"वैशाखात?"

अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत बाई पुढं लेकराच्या आईजवळ बसल्या होत्या. मी मागं, रिकाम्या कॅनांत. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत बाईंनी पाण्याचा आकडा सांगितला, कधीपासून पाजलं तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हे आधीच कळलं म्हणून वेळ वाचला. चार दिवसांनी लेकरू घरी आलं. त्या चार दिवसांत मी काय जेवलो, कुणाशी काय बोललो, मला आठवत नाही. बाई रोज सकाळी दवाखान्यात फोन लावत आणि ठेवल्यावर मला एवढंच सांगत, "दूध पिलंय." किंवा, "झोपलंय."

एकवीसच्या एकवीस विहिरी आम्ही पुन्हा तपासल्या. तीन नापास निघाल्या. त्यातली छावणीजवळची एका संचालकांची होती, छावणीही त्यांचीच. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पहिला अहवाल बरोबर, दुसरा चूक. पहिल्यावर शिक्का आहे. बोर्डाची बैठक बसली आणि बाईंना बोलावलं. यंत्र आणायला सांगितलं, म्हणून मीही गेलो. वायर जोडून दाराजवळच्या खुर्चीत बसलो.

बाईंनी सगळ्यांसमोर एक द्रव तयार केला. किती पाण्यात किती क्षार घातला ते प्रत्येकाला दाखवून घातला, म्हणजे उत्तर आधीच माहीत. तो पातळ करून यंत्रात ठेवला. सेटिंग एक केलं, आकडा दहापट कमी आला. दहा केलं, बरोबर आला. "मी काही म्हणत न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमीच बघा." चेअरमन पुढं वाकून बघत होते. एम.डी. साहेबांना कळलं, कारण ते पडद्याकडं बघायचं सोडून छताकडं बघू लागले.

विहिरीवाले संचालक माझ्याकडं वळले. "काय बे, हा दहाचा एक कुणी केला?"

बाई माझ्याकडं न बघता बोलल्या. "प्रयोगशाळेनं केला. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात हाय."

"म्हंजी तुमी?"

"तसं लिहून घ्या."

त्या तीन दिवसांत बाई रजेवर होत्या, हे हजेरीपटात होतं. तो कुणी मागवला नाही. त्या वेळी माझ्या पायांत उठायची ताकद नव्हती, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ताकद होती. मी उठलो नाही.

विहीर पिण्यासाठी बंद झाली. टँकर सहा कोस लांबून येऊ लागले. आणि बाईंची बदली झाली, घाटनांदूरच्या गट ऑफिसला, उसाच्या नोंदी घ्यायला. त्या वर्षी तिकडं ऊस नव्हता.

हुकूम आला त्या दुपारी मी त्यांना म्हणालो, "बाई, मी साहेबांना जाऊन सांगतो. माझ्याकडून झालं म्हणून."

"सांगून काय व्हईल?"

"तुमची बदली थांबेल."

"बदली विहिरीपायी झालीय, दत्ता. आकड्यापायी न्हाई. तू टेंपररी हायस. तुला काढतील, अन् मला पाठवायचं ते पाठवतीलच. मग मशीनपाशी कोण बसणार?" त्यांनी चष्मा पुसला. "चार्ज द्यायला आठ दिवस हायत. तेवढ्यात ही फाईल तिथून हलवायची."

मग आठ दिवस आम्ही ते केलं. बाईंचा मुद्दा असा, की सॉफ्टवेअर हे घर आणि आपले आकडे ही भांडी. "घर पाडून नवं बांधलं तरी भांडी फुटू नयेत. तुमी ती भिंतीत चिणून ठेवलीत. मांडणी वेगळी पायजे." म्हणून दुसऱ्या ड्राईव्हवर एक फोल्डर केला आणि त्याला इंग्रजी अक्षरांत 'मांडणी' हेच नाव दिलं. त्यात प्रत्येक यंत्राचा एक फोल्डर. प्रत्येक फोल्डरात दोन फाईली. एक कंपनीनं दिलेल्या आकड्यांची, तिला हात लावायचा नाही. दुसरी आमच्या आकड्यांची. सॉफ्टवेअरनं आधी पहिली वाचायची, मग दुसरी, आणि दोन्हीत एकच गोष्ट असेल तर आमची खरी धरायची. ही मांडणी कुठं आहे ते सॉफ्टवेअरला एका ओळीत एकदाच सांगून ठेवायचं.

ती ओळ कुठं लिहायची हे यंत्राच्या पुस्तकात नव्हतं. बाईंनी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं होतं, वॉरंटीच्या अटींसकट, तरी नव्हतं. पुण्याच्या कंपनीतल्या इंजिनियरला फोन लावला. तो बिचारा सज्जन होता. त्यानं ओळ सांगितली आणि वर म्हणाला, तुमचा फोल्डर कधी सापडला नाही तर काळजी करू नका, सॉफ्टवेअर कंपनीचे आकडे घेऊन आपोआप सुरू होईल.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"सुरू व्हायला नको," त्या म्हणाल्या.

तिकडून काहीतरी समजूत घातली गेली.

"आवो, काम अडू द्या. बंद पडलेलं मशीन दिसतं तरी. हे गुपचूप चालू राहतंय आणि तोंडावर हसू ठेवून खोटं सांगतंय. त्याला सांगा, मांडणी सापडली न्हाई तर तिथंच उभं राहायचं."

तशीही सोय होती. इंजिनियर म्हणाला, हा पर्याय निवडणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं. सगळं झाल्यावर बाईंनी मला तो फोल्डर मुद्दाम दुसरीकडं ठेवायला लावला आणि सॉफ्टवेअर सुरू करायला सांगितलं. पडद्यावर लाल चौकट आली आणि यंत्र हललं नाही. बाईंनी त्या चौकटीकडं बराच वेळ समाधानानं बघितलं. पुन्हा एकदा करायला लावलं. मग सॉफ्टवेअर पुसून सीडीवरून नव्यानं टाकायला लावलं. ती ओळ लिहिली. दहा दहाच राहिला.

शेवटच्या दिवशी त्यांनी आणखी एक फाईल मागितली. नुसती साधी यादी: तारीख, काय बदललं, आधी काय होतं, कावून बदललं, कुणी बदललं. "पहिली नोंद तू कर," म्हणाल्या.

मी तारीख टाकली. दहाच्या जागी एक राहिला, ते लिहिलं. कारण लिहिलं. शेवटच्या रकान्यात 'प्रयोगशाळा' असं लिहिलं.

बाई मागं उभ्या होत्या. "ही कोण?"

"तुम्हीच बोर्डापुढं म्हणालात."

"बोर्डात राजकारण हाय. तिथं नाव दिलं की त्याचं नुसतं भांडण व्हतंय. हितं नाव पायजे. उद्या तुझ्या जागी कुणी बसंल, तो हे वाचंल. त्याला कळाया पायजे, की चांगल्या पोराच्या हातूनबी हे होऊ शकतंय."

मी 'प्रयोगशाळा' खोडलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावातलं एक अक्षर चुकलं. बाईंनी ते दुरुस्त करायला लावलं. मग त्या नव्या केमिस्टला यादीप्रमाणे सामान मोजून द्यायला गेल्या: ब्युरेट अकरा, त्यातली एक टवका उडालेली, तसं लिहिलेलं.

पुढच्या वर्षी मला कायम केलं. काही वर्षांनी मी कारखाना सोडला आणि पुण्याला यंत्रांच्याच एका कंपनीत लागलो. दवाखाने, कॉलेजं, दूधसंघ, कुठंही यंत्र बसवायला गेलो की मी आधी वेगळा फोल्डर करतो आणि मग बाकीचं. बरोबरीचे लोक मला सावकाश समजतात. घाटनांदूरला मी दोनदा गेलो. ऑफिसात ऊस नोंदवायला कुणी नव्हतं, म्हणून बाई आसपासच्या गावांतल्या कोणत्या विहिरींचं पाणी बाटल्या भरून तपासणीला पाठवायचं त्याची यादी करत बसल्या होत्या. दोन्ही वेळा आम्ही पाण्याबद्दलच बोललो. दुसरं बोलायचं मी ठरवून गेलो होतो.

बाई गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. परळीला घरी गेलो तेव्हा त्यांची मुलगी होती, शाळेत विज्ञान शिकवते. मी कोण ते सांगितलं. तिनं पाणी आणून दिलं.

"कारखान्याचं आई फार सांगायची," ती म्हणाली. "पण लॅब सोडून ती घाटनांदूरला का गेली, ते काही मला पटलं नाही कधी. एवढी आवडीची जागा."

"तुम्हाला काय म्हणाल्या होत्या?"

"बदली मागून घेतली म्हणाली. परळीहून रेल्वेनं जाता येतं, एसटीचा त्रास वाचतो." ती हसली. "आईला एसटीचा त्रास कधी झालाय?"

मी हातातला पेला खाली ठेवला. म्हणालो, "ती चूक माझी होती."

ती खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "कोणती चूक?"